छातीतली धडधड, डोक्यातला निवाडा

अस्वल दिसलं की आपण घाबरतो आणि म्हणून पळतो, हा सगळ्यांचा समज विल्यम जेम्स यांनी १८८४ साली उलटा केला. आधी शरीर खवळतं, छाती धडधडते आणि मनाला त्याची जाणीव होते, तीच भीती, असं त्यांनी 'माइंड' या नियतकालिकात मांडलं. पुढच्याच वर्षी डेन्मार्कचे कार्ल लांगे यांनी जवळपास हेच सांगितलं.

१९२७ मध्ये हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी त्यावर घाव घातला. राग असो, भीती असो की साधा ताप, हृदय सारखंच धावतं. मग भावना वेगळ्या कशा ओळखू येतात? प्रश्न बिनतोड होता. त्यामुळे हृदयाकडे केवळ पंप म्हणून पाहणाऱ्यांचं बरीच वर्षं फावलं. पण १९६६ मध्ये स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी तरुणांना चित्रं दाखवताना त्यांच्याच हृदयाचे म्हणून खोटे ठोके ऐकवले. ज्या चित्रांच्या वेळी ठोके बदलले, ती त्यांना जास्त आकर्षक वाटली!

खरा उलगडा मात्र एकेका ठोक्याच्या आत शिरल्यावर झाला. हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर लोटतं, तेव्हा महाधमनीतल्या आणि मानेच्या धमन्यांतल्या दाब टिपणाऱ्या नसा मेंदूला खबर देतात. दोन ठोक्यांच्या मध्ये त्या शांत होतात. सारा गारफिंकल, ह्यूगो क्रिचली आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की आकुंचनाच्या क्षणी समोर आलेले भेदरलेले चेहरे लोकांच्या नजरेत अधिक सहज भरतात. २०१७ चा प्रयोग मला सर्वांत गंभीर वाटतो. कृष्णवर्णीय चेहरा पाहिल्यावर साधं अवजार पिस्तूल समजण्याची चूक आकुंचनाच्या क्षणी वाढली. ताणाखाली हृदय धावतं तेव्हा विसाव्याचा काळ आक्रसतो, आकुंचनाचा त्या मानाने कमी. म्हणजे घाबरलेल्या, बंदूकधारी माणसाच्या प्रत्येक मिनिटात अशा क्षणांचा वाटा वाढतो.

२०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या कार्ल डायसेरॉथ यांच्या गटाने प्रकाशाच्या झोताने उंदरांचं हृदय वेगाने धावायला लावलं. निव्वळ धडधडीने ते बिथरले नाहीत. धोक्याच्या जागी मात्र कचरू लागले. मेंदूतला इन्सुला हा भाग दडपल्यावर ते कचरणं कमी झालं. कॅनन यांचा आक्षेप अजून उभा आहे, पण जेम्स यांना मोडीत काढणं आता शक्य नाही.