गृहभेटींद्वारे मातांची मानसिक आरोग्यसेवा

गृहभेटींद्वारे मातांची मानसिक आरोग्यसेवा म्हणजे गरोदर किंवा बाळंत स्त्रीच्या घरी जाऊन तिच्या मनःस्थितीची विचारपूस करणे, तिला आधार देणे व गरजेनुसार डॉक्टरांकडे पाठवणे. महाराष्ट्रात या सेवेचा स्वाभाविक आधार म्हणजे आशा स्वयंसेविकांच्या नवजात बालकांसाठी होणाऱ्या गृहभेटी.

पार्श्वभूमी

गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित स्त्रियांमार्फत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर अशा गृहभेटी सुरू झाल्या. रुग्णालयातील प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट दिली जाते. २०१८ मध्ये पंधराव्या महिन्यापर्यंतच्या आणखी पाच भेटींची त्यांत भर पडली.

आजाराची ओळख

बाळंतपणानंतरचे रडवेलेपण सहसा दोन आठवड्यांत ओसरते. प्रसूतिपश्चात नैराश्य मात्र अधिक काळ टिकते. गोव्यातील २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ टक्के मातांमध्ये ते आढळले. गरिबी, पतीकडून होणारी हिंसा व मुलगी होणे यांच्याशी त्याचा संबंध दिसला. गृहभेटीच्या नोंदपत्रकात माता असंबद्ध बोलते का, हे पाहिले जाते. त्यातून तीव्र आजार ध्यानात येतो. परंतु मुकाट्याने घरकाम करणारी खिन्न माता नजरेतून सुटू शकते. अशा मातांची प्राथमिक चाचपणी करण्यासाठी १९८७ ची दहा प्रश्नांची एडिनबरा मापनश्रेणी वापरतात. तिच्यावरून निदान होत नाही. त्यासाठी तज्ज्ञांची तपासणी लागते.

परिणामकारकता

पाकिस्तानच्या ग्रामीण रावळपिंडी भागात आरोग्यसेविकांनी गृहभेटींत समुपदेशन केले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या २३ टक्के, तर न मिळालेल्या ५३ टक्के मातांमध्ये नैराश्य होते.

पुणे शहर

पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याच्या प्रथेमुळे पुण्यात नोंद झालेली स्त्री सुरुवातीच्या भेटींच्या काळात अन्य गावी असू शकते. त्यामुळे दोन्ही ठिकाणच्या सेविकांमध्ये माहितीची देवाणघेवाण आवश्यक ठरते. वस्तीतील एका खोलीच्या घरात सासू किंवा पतीसमोर माता मोकळेपणाने बोलेलच असे नाही. म्हणून तिच्याशी एकांतात बोलणे महत्त्वाचे असते. पुढील उपचारांसाठी ससून रुग्णालय व येरवडा येथील प्रादेशिक मनोरुग्णालय या शासकीय संस्था आहेत. 'टेलि-मानस' या सेवेच्या १४४१६ क्रमांकावर दूरध्वनीवरून मोफत सल्ला मिळतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या मातेपासून तिच्या तीन वर्षांखालील बालकाला सर्वसाधारणपणे वेगळे करता येत नाही.