‘हलकं’ म्हणजे नेमकं किती हलकं? व्हिप्ड क्रीमची वाटी आणि छेदातला घोळ



पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीत एक प्रश्न बऱ्याच जणांना अडवतो. तुमच्या विषयाच्या शीर्षकात ‘अधिक कार्यक्षम’, ‘सुधारित’, ‘हलका’ असा एखादा शब्द असतो. समोरचे सर त्यावर बोट ठेवून विचारतात, “हे मोजणार कसं?” आपण उपकरणाचं नाव सांगतो. पण त्यांना उपकरण नको असतं. त्यांना विचारायचं असतं की कशाच्या तुलनेत आणि दर कशामागे?

मला हा प्रश्न प्रयोगशाळेत नाही, स्वयंपाकघरात नीट कळला. म्हणून आजचं उदाहरण खाण्याचं आहे: फ्रूट सॅलडवर, केकवर किंवा आंब्याच्या फोडींवर घालायचं फेटलेलं क्रीम, आणि ते घरच्या घरी ‘हलकं’ कसं करायचं.

आधी क्रीम फुगतं कसं ते बघू

फेटताना आपण द्रवात हवा कोंडतो. हवेचा बुडबुडा एकटा टिकत नाही, त्याला भिंत लागते. सुरुवातीला दुधातली प्रथिनं बुडबुड्याभोवती पातळ पापुद्रा धरतात. मग स्निग्धांशाचे कण तिथे येऊन चिकटतात, एकमेकांत अर्धवट मिसळतात आणि त्यांची साखळी तयार होते. ‘अर्धवट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कण पूर्ण द्रव असतील तर ते एकमेकांत विरघळून जातात आणि साखळी होत नाही. कणाचा काही भाग घट्ट आणि काही द्रव असेल तरच ते चिकटूनही आपला आकार राखतात. म्हणून क्रीम साधारण 4 ते 7 अंश सेल्सिअसला फेटतात. भिवंडीत मे महिन्याच्या दुपारी ओट्यावर ठेवलेल्या भांड्यात हे जमत नाही. भांडं आणि बीटरची पाती वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, आणि फेटताना भांड्याखाली बर्फाची परात घ्या.

यात नवीन काही नाही. आजी ताक घुसळताना उन्हाळ्यात गार पाणी घालते आणि थंडीत कोमट. स्निग्धांश फार मऊही नको आणि फार कडकही नको, हे तिला रवीच्या आवाजावरून कळतं. फरक एवढाच की ती लोण्यापर्यंत जाते आणि आपल्याला अलीकडे थांबायचं असतं. थांबलो नाही तर क्रीमचंही लोणीच होतं.

आता दोन नेहमीच्या चुका. पहिली, चहा-भाजीत घालायचं 25 टक्के स्निग्धांशाचं क्रीम फेटत बसणं. साखळी पुरेशी दाट व्हायला साधारण 30 टक्के तरी स्निग्धांश लागतो, त्यामुळे ते घट्ट उभं राहत नाही. दुसरी, तबेल्याच्या म्हशीच्या दुधाची साय फेटणं. साय म्हणजे क्रीम नव्हे. दूध तापवताना तिच्यातली प्रथिनं गोठलेली असतात आणि बरेचसे कण आधीच एकत्र आलेले असतात. त्यामुळे फेस होण्याआधीच गुठळ्या होतात आणि मग लोणी येतं. लोणी उत्तमच, पण ते आपलं आजचं काम नाही.

मग ‘हलकं’ कसं करायचं?

बाबांना डॉक्टरांनी स्निग्ध पदार्थ कमी करायला सांगितले, तेव्हा घरात हा प्रश्न आला. मी चक्क्याचा मार्ग घेतला. श्रीखंडाला बांधतो तोच चक्का, फक्त डबल टोन्ड दुधाच्या दह्याचा.

कृती अशी. 100 ग्रॅम व्हिपिंग क्रीम गार भांड्यात फेटा. बीटर उचलल्यावर मऊ शेंडा उभा राहिला की थांबा. 100 ग्रॅम चक्का वेगळ्या भांड्यात पिठीसाखर आणि वेलची घालून गुठळी न ठेवता घोटा. मग चक्का तीन वेळा थोडा थोडा क्रीममध्ये घाला आणि उलथन्याने खालून वर अलगद मिसळा. बीटर इथे अजिबात लावायचा नाही. फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

चक्क्यातली प्रथिनं पाणी धरून ठेवतात, त्यामुळे फेसातून पाणी सुटणं कमी होतं. शिवाय आंबटपणामुळे साखरही कमी वाटते, म्हणून चव बघतच घाला.

आता हिशेब

डबल टोन्ड दुधात 1.5 टक्के स्निग्धांश असतो. एक लिटरमध्ये साधारण 15 ग्रॅम. समजा त्याचा 300 ग्रॅम चक्का निघाला आणि स्निग्धांश जवळजवळ सगळा त्यात राहिला, तर चक्क्यात 5 टक्के. (तुमचा चक्का तुम्ही वजन करा, माझा आकडा उचलू नका.) क्रीम 35 टक्क्यांचं धरू. म्हणजे 200 ग्रॅम मिश्रणात 35 अधिक 5, असा 40 ग्रॅम स्निग्धांश, म्हणजे 20 टक्के. साखर सोयीसाठी सोडून देऊ. 35 वरून 20, म्हणजे सुमारे 43 टक्के घट. मी हाच आकडा मोठ्या अभिमानाने बाबांना सांगितला.

पण बाबा ग्रॅम खात नाहीत, वाटी खातात.

क्रीम चांगलं फेटलं की आकारमान साधारण दुप्पट होतं. अन्नशास्त्रात याला ‘ओव्हररन’ म्हणतात आणि दुप्पट म्हणजे 100 टक्के ओव्हररन. तो मोजणं सोपं आहे. एकच वाटी न फेटलेल्या क्रीमने काठोकाठ भरून वजन घ्या, मग फेटलेल्या क्रीमने सपाट भरून घ्या. दोन्ही वजनांतल्या फरकाला फेटलेल्याच्या वजनाने भागा आणि 100 ने गुणा.

आता 100 मिलीची वाटी धरू. दुप्पट फुगलेलं निव्वळ क्रीम त्यात 50 ग्रॅम मावतं, म्हणजे 17.5 ग्रॅम स्निग्धांश. मिश्रणाचं काय? 100 ग्रॅम क्रीमने 200 मिली जागा घेतली आणि चक्क्याने सुमारे 100 मिली. 300 मिलीत 200 ग्रॅम, म्हणजे 100 मिलीच्या वाटीत सुमारे 67 ग्रॅम. त्याचे 20 टक्के म्हणजे 13.3 ग्रॅम. 17.5 वरून 13.3, म्हणजे घट फक्त 24 टक्के. पदार्थ तोच, पण दर ग्रॅममागे 43 आणि दर वाटीमागे 24.

आणि मी नेमकी चूक केली होती. शेवटी मिश्रण ‘एकसारखं’ दिसावं म्हणून बीटर फिरवला होता. हवा निघून गेली. वाटी वजनकाट्यावर ठेवली तेव्हा ती जवळजवळ न फेटलेल्या क्रीमइतकीच जड भरली. अशा वाटीत 100 ग्रॅम मिश्रण, म्हणजे 20 ग्रॅम स्निग्धांश. नीट फुगलेल्या निव्वळ क्रीमच्या वाटीपेक्षा जास्त! बाबांनी ‘हलकं आहे’ या भरवशावर दुसरी वाटीही घेतली होती. तेव्हा मला माझ्या 43 टक्क्यांची लाज वाटली. आकडा खोटा नव्हता, तो चुकीच्या प्रश्नाचं उत्तर होता.

उलट्या बाजूचा सापळा

बेकरीत मिळणारी वनस्पती तेलाची ‘व्हिप’ खूप फुगते आणि उन्हातही तग धरते. वाटीमागे ती हलकीच भरते. पण तिच्यातला स्निग्धांश पाम कर्नलसारख्या तेलाचा, बहुतेक संतृप्त असू शकतो, आणि साखर आधीच घातलेली असते. ट्रान्स फॅटवर एफएसएसएआयने 2022 पासून एकूण तेल-तुपाच्या 2 टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण तो वेगळा मुद्दा झाला. संतृप्त फॅट त्यात मोजलं जात नाही. दुसरं टोक म्हणजे बर्फाच्या पाण्यात स्किम्ड दुधाची पावडर फेटून केलेला फेस. त्यात स्निग्धांश नावापुरता असतो, पण भिंत फक्त प्रथिनांची असल्याने तो लवकर बसतो आणि चवीसाठी साखर जास्त लागते. घरात मधुमेह असेल तर याला ‘हलकं’ म्हणाल का?

टिकाऊपणाही मोजता येतो. 50 ग्रॅम फेस चहाच्या गाळणीत ठेवा, खाली पेला ठेवा आणि एका तासाने किती पाणी गळलं त्याचं वजन घ्या. तीनदा करा. एकदाच केलेला प्रयोग म्हणजे किस्सा.

यंत्रमागवाले हे आधीच जाणतात

आमच्या गावात कापडाच्या व्यापाऱ्याला ‘हलकं कापड आहे’ असं सांगून बघा. तो लगेच विचारेल, जीएसएम किती? म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम. मग सुताचा काउंट, रीड, पिक. ‘हलकं’ या शब्दावर इथे सौदा होत नाही, कारण छेद ठरल्याशिवाय दोन कापडांची तुलनाच होत नाही. आपण मात्र प्रबंधाच्या आराखड्यात असे शब्द बिनधास्त लिहितो.

उत्प्रेरक ‘जास्त सक्रिय’ आहे, पण दर ग्रॅममागे की दर चौरस मीटर पृष्ठभागामागे? खताने उत्पन्न ‘वाढलं’, पण दर एकरी, की दर रुपयामागे? छेद बदलला की क्रमवारी उलटू शकते, जशी वाटीची उलटली. कुठला छेद बरोबर हे गणित सांगत नाही, ते तुमचा प्रश्न सांगतो. बाबा वाटीने खातात, म्हणून आमच्या घरात छेद वाटी. कोणी वजन करून खात असेल तर त्याचा छेद ग्रॅम.

तेव्हा आज एक काम करा. तुमच्या प्रस्तावित शीर्षकातले सगळे तुलनेचे शब्द अधोरेखित करा. प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा: कशाच्या तुलनेत, आणि दर कशामागे. जिथे पेन अडेल, तिथेच मुलाखतीत अडणार आहात. अडू द्या, आत्ता वेळ आहे.

आमच्याकडे आता बीटर शेवटी फिरत नाही. वाटी लहान केली आहे, आणि दुसरी मागितली की आई वजनकाटा पुढे ठेवते.