एक डिश, तीन खोल्या

पहाटे पावणेसहा. मे महिन्यात नागपुरात गच्चीवरचं काम उन्हाच्या आधी उरकावं लागतं. नऊनंतर डिशच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. आजचं काम महाल भागातल्या एका जुन्या घरी. तीन खोल्यांत तीन टीव्ही, आणि मागणी एकच: कुठल्याही खोलीतून रेकॉर्डिंग लावता यावं आणि कुठल्याही खोलीत पाहता यावं.

डीडी फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात. तो ९३.५ अंश पूर्वेला, आपण ७९ च्या आसपास. म्हणजे डिशचं तोंड आग्नेयेकडे, होकायंत्रावर साधारण १४५ अंश, आणि चढ ६० अंशांचा. नवखा पोरगा ६० ऐकून डिश आभाळाकडे उताणी करतो आणि तासभर सिग्नल शोधत बसतो. ही डिश ऑफसेट जातीची, सिग्नल पकडणारा एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला. त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा बरंच वर पाहते. ब्रॅकेटवरच्या खुणेला ६० लावायचे आणि मग केसाकेसाने डावी-उजवी सरकवायची. मीटर वाजला की नट आळीपाळीने आवळायचे, एकच बाजू घट्ट केली की डिश मान वळवते.

एलएनबी दोन तोंडांचा लावला, दोन ट्यूनरसाठी. एलएनबीपासून खाली येणाऱ्या केबलला भिंतीत शिरण्याआधी एक लोंबता वळसा दिला, म्हणजे पावसाचं पाणी तिथून टपकतं, घरात शिरत नाही.

साडेआठ. पोहे. तर्री वेगळ्या वाटीत, कारण घरातल्या आजींच्या मते पाहुण्याला विचारून वाढायची असते. त्यांची तक्रार साधी होती. "आधी एकच वायर होती, साऱ्या घरात चालायची. आता प्रत्येक खोलीत डबा."

त्यांचं खरं आहे. ३१ मार्च २०१३ ही दुसऱ्या टप्प्याच्या डिजिटायझेशनची मुदत होती आणि नागपूर त्या यादीत होतं. तोवर केबलवाल्याच्या एका वायरला स्प्लिटर लावला की तिन्ही टीव्ही चालत. व्हीसीआर असेल तर त्यावर हवं ते उतरवूनही घेता येई. मग प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र सेट-टॉप बॉक्स आला. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचवर रेकॉर्डिंगची सोय असली तरी ते कुलूपबंद असतं. ज्या डब्यात केलं त्याच डब्यात पाहायचं. म्हणून अशा घरांना मी फ्री डिशच सुचवतो. २००४ च्या डिसेंबरात ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिच्या एमपेग-२ वाहिन्या खुल्या आहेत, ट्यूनर बसवलेला संगणक त्या थेट वाचतो आणि वायरीने प्रत्येक खोलीत पोचवतो.

साडेनऊ. आता खरी मेहनत. घरातल्या मुलाचं म्हणणं, "कायले भोकं पाडून राहिले भाऊ? वायफाय आहे ना घरी."

भिंत दीड फूट जाडीची. वायफायचा वेग मोबाइलवर भरपूर दिसतो, पण प्रश्न वेगाचा नाहीच. फ्री डिशची एक साधी वाहिनी सेकंदाला दोन-अडीच मेगाबिट घेते. तिन्ही टीव्ही एकदम चालले तरी शंभर मेगाबिटची सर्वांत स्वस्त वायर पुरून उरते. वायफायचा पुरवठा सलग नसतो. मधेच कुणी व्हिडिओ कॉल लावला की क्षणभर आटतो, आणि तेवढ्यात चित्राचे चौकोन होतात. मोबाइलवरचा व्हिडिओ पुढचं आधी साठवून ठेवतो, म्हणून तिथे हे जाणवत नाही. थेट प्रक्षेपणात पुढचं आणायचं कुठून?

मग कॅट-६ केबल, केसिंग पट्टी, ड्रिल. विजेच्या वायरीपासून चार बोटं लांब. जाड भिंतीत भोक बाहेरच्या अंगाला किंचित उतरतं ठेवायचं. टोकाला कनेक्टर क्रिम्प करताना आठ तारांचा क्रम दोन्हीकडे सारखाच हवा. टेस्टरचे आठ दिवे ओळीने लागल्याशिवाय मी पट्टीचं झाकण बसवत नाही.

साडेबारा. संगणक कुठे ठेवायचा? सगळ्यांचं बोट हॉलकडे, कूलरसमोर, "थंड राहील." नागपुरात ही चूक घरोघरी दिसते. कूलरची हवा ओली, ती सर्किट बोर्डला सोसत नाही. माळ्यावर ठेवला तर मेमध्ये हार्ड डिस्क भाजून निघते. जिन्याखालचं कपाट मोकळं होतं. त्याची पाठ काढून तिथे ठेवला, शेजारी छोटा यूपीएस. नाहीतर वीज गेल्यावर घरचा इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या त्या पापणीभर वेळात संगणक बंद पडतो आणि चालू रेकॉर्डिंग तुटतं.

दुपारी दोन. टीव्हीहेडएंड चढवलं. हे मोफत सॉफ्टवेअर ट्यूनर सांभाळतं, रेकॉर्डिंग करतं आणि घरभर वाटतं. टीव्हीच्या बाजूला ते दाखवणारं कोडी. आणि इथे गिऱ्हाइकाचा ठरलेला प्रश्न: तीन टीव्ही, मग ट्यूनर दोनच कसे?

कारण मोजायचे ते टीव्ही नव्हेत, वाहिन्याही नव्हेत. मोजायचे उपग्रहावरचे ट्रान्सपॉन्डर. एका ट्रान्सपॉन्डरवर पंधरा-वीस वाहिन्या एकाच प्रवाहात बांधून येतात. ट्यूनर तो सगळा प्रवाह पकडतो. त्यातल्या दोन वाहिन्या रेकॉर्ड करा, तिसरी पाहा, ट्यूनर एकच गुंतलेला. अडचण तेव्हाच, जेव्हा तिघांना एकाच वेळी तीन वेगळ्या ट्रान्सपॉन्डरवरचं हवं असतं. म्हणून मी आधी घरात कोण काय पाहतं ते विचारून घेतो. आजींना सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या, सुनेला मालिका, नातवाला क्रिकेट. २००७ च्या कायद्यामुळे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीला प्रसार भारतीलाही द्यावं लागतं, तेव्हा नातवाचीही सोय झाली. तिघांना एकाच वेळी तीन ट्रान्सपॉन्डर लागायची वेळ इथे येत नाही, म्हणून दोन ट्यूनर पुरतात. दुकानदार चार विकायला तयारच असतो.

डिस्क एक टेराबाइटची. तासाला एक जीबी धरला तर हजारेक तास.

पाच. घड्याळ. हा टप्पा विसरणारे पुष्कळ. संगणकाची वेळ ग्रिनिचवर राहिली असेल तर सातला लावलेलं रेकॉर्डिंग मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू होतं. एका घरी याच कारणावरून सासू-सुनेत आठवडाभर अबोला होता, एकीला वाटत होतं दुसरी पुसून टाकते. वेळ भारतीय केली, वर प्रत्येक रेकॉर्डिंगला आधी पाच आणि नंतर दहा मिनिटं जास्तीची ठेवली. फ्री डिशवर कार्यक्रमांचं वेळापत्रक भरवशाचं नसतं.

सात. आजी आतल्या खोलीत, बातम्या चालू. पाणी आलं म्हणून त्या उठल्या, दहा मिनिटांनी हॉलमध्ये येऊन बसल्या आणि त्याच बातम्या मी तिथे पहिल्यापासून लावून दिल्या. "बाप्पा!" एवढंच म्हणाल्या, आणि आवाज वाढवायला सांगितला.

आठ. पैसे घेताना मुलाला बाजूला घेऊन एक सांगून ठेवलं. फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव होतो आणि १ एप्रिलच्या सुमारास वाहिन्या जागा बदलतात, काही जातात, काही नव्या येतात. तेव्हा पुन्हा स्कॅन करायचा आणि जुनी लावलेली रेकॉर्डिंग नव्या वाहिनीला जोडायची. कसं ते वहीत लिहून दिलं. तरी एप्रिलात त्याचा फोन येईल, हे मी धरून चाललो आहे.