उसन्या चालीचं ‘लुई लुई’

एक गाणं, अनेक गळे : भाग सहावा

मागच्या भागात ‘हाउंड डॉग’ लिहिणारी लायबर आणि स्टोलर ही जोडी भेटली होती. याच जोडीनं १९५४ मध्ये ‘द रॉबिन्स’ या गटासाठी तुरुंगातल्या बंडाचं एक गाणं केलं. त्यातला खर्जातला, दरडावणारा आवाज गटातल्या कुणाचा नव्हता. तो बाहेरून बोलावलेल्या, विशीही न गाठलेल्या रिचर्ड बेरीचा होता. तबकडीवर त्याचं नाव नव्हतं. पुढच्या वर्षी गाजलेल्या एटा जेम्सच्या ‘द वॉलफ्लॉवर’मध्ये तिला उत्तर देणारा पुरुषी आवाजही बेरीचाच, आणि नाव तिथेही नाही. या आठवड्याचं गाणं याच बेरीचं आहे. त्यानं ते लिहिलं, गायलं आणि विकून टाकलं. मग ते जगभर गेलं.

बेरी लुइझियानात जन्मला आणि लॉस अँजेलिसमध्ये वाढला. १९५५ च्या सुमारास तो रिलेरा भावांच्या ‘ऱ्हिदम रॉकर्स’ या वाद्यवृंदाबरोबर कार्यक्रम करत असे. एका रात्री हा वाद्यवृंद रेने टुझे या क्यूबन संगीतकाराचं ‘एल लोको चा चा’ वाजवत होता. सुरुवातीची सुरावट बेरीच्या डोक्यात घुसली : तीन ठोके, किंचित विसावा, दोन ठोके, पुन्हा विसावा. टेबलावर बोटांनी वाजवून पाहिलं तरी ती लगेच ओळखू येते. हाताशी कागद नव्हता, म्हणून स्वच्छतागृहातल्या कागदावर आपण ओळी खरडल्या, असं बेरी नंतर सांगत असे.

गाण्याची गोष्ट अगदी साधी. एक खलाशी लुई नावाच्या बारवाल्याशी बोलतोय. दूर जमैकात त्याची प्रेयसी वाट पाहतेय आणि त्याला घरी जायचंय. चक बेरीच्या ‘हवाना मून’चा प्रभाव त्यावर होता, आणि तो बेरीनं लपवला नाही. म्हणजे चाल क्यूबाची, बोलण्याची धाटणी दुसऱ्या बेरीची. अस्सल म्हणून ज्याकडे बोट दाखवावं, ते गाणंच मुळात उसनवारीतून उभं राहिलं होतं.

१९५७ मध्ये ‘फ्लिप’ या छोट्या कंपनीनं ते काढलं. दर्शनी बाजूला होतं ‘यू आर माय सनशाइन’, आणि मागच्या बाजूला ‘लुई लुई’. पश्चिम किनाऱ्यावर ते बऱ्यापैकी चाललं आणि ओसरलं. बेरीचं लग्न ठरलं होतं, हातात पैसा नव्हता. आणखी चार गाण्यांसह ‘लुई लुई’चे आपले हक्क त्यानं ७५० डॉलरला फ्लिपचे मालक मॅक्स फिअरटॅग यांना विकले. उतरणीला लागलेल्या गाण्याचे एवढे पैसे मिळाले, हे त्या वेळी त्याला वाईट वाटलं नसणार.

गाणं वाचलं ते उत्तरेत, वॉशिंग्टन राज्यात. तिथल्या रॉकिन रॉबिन रॉबर्ट्स या गायकाला सवलतीत विकायला काढलेल्या तबकड्यांमध्ये बेरीची तबकडी सापडली. टकोमाच्या ‘वेलर्स’बरोबर त्यानं १९६१ मध्ये ते नव्यानं गायलं. बेरीच्या गाण्यात एक सुस्त डौल होता. रॉबर्ट्सनं तो झटकला आणि गिटारच्या तुकड्याआधी एक आरोळी ठोकली. ती आरोळी पुढे गाण्याचाच भाग झाली. त्या पट्ट्यातल्या प्रत्येक हौशी बँडला ‘लुई लुई’ यावंच लागे.

ओरेगनमधल्या सीसाइडच्या एका क्लबमध्ये ज्यूकबॉक्सवर रॉबर्ट्सचं गाणं पुन्हा पुन्हा लागत होतं आणि दरवेळी सगळी गर्दी नाचायला उठत होती. हे पाहणाऱ्यांत पोर्टलंडच्या ‘किंग्जमेन’चा गायक जॅक इली होता. त्यानं ते गाणं आपल्या बँडला शिकवलं, पण ठेका आठवणीतून सांगताना थोडा बदलला. मुद्दाम नव्हे, त्याला तो तसाच आठवत होता. जगाला आज माहीत असलेला ‘लुई लुई’चा ठेका हा इलीच्या चुकलेल्या आठवणीचा.

६ एप्रिल १९६३ ला पोर्टलंडच्या एका लहानशा स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. खर्च पन्नास डॉलरच्या आसपास. मायक्रोफोन छताजवळ उंच टांगलेला, त्यामुळे इलीला मान वर करून ओरडावं लागत होतं. आदल्या रात्रीच्या कार्यक्रमात घसा बसलेला. दातांना तारा लावलेल्या. त्याच्याभोवती बाकीचे पूर्ण जोरात वाजवत होते. गिटारचा तुकडा संपल्यावर इली तिसरं कडवं दोन मात्रागट आधीच सुरू करतो, चूक कळताच थांबतो, आणि ड्रमवरचा लिन ईस्टन मधली जागा दणदणीत भरून काढतो. हे सगळं तबकडीवर जसंच्या तसं आहे. त्या धांदलीत जो जीव आहे, तो दहा वेळा घासूनपुसून घेतलेल्या ध्वनिमुद्रणात आला नसता. पुढे कितीतरी बँडनी ही चूकही पाठ करून इमानेइतबारे वाजवली आहे. त्याच आठवड्यात, त्याच स्टुडिओत ‘पॉल रिव्हीअर अँड द रेडर्स’नंही हेच गाणं नीटनेटकं मुद्रित केलं. त्यांना ‘कोलंबिया’सारखी मोठी कंपनी मिळाली, तरी लोकांच्या कानात राहिले ते किंग्जमेनच.

बॉस्टनच्या आर्नी गिन्सबर्ग या रेडिओ निवेदकानं ते आठवड्यातलं सर्वात वाईट गाणं म्हणून लावलं, आणि श्रोते तेच मागू लागले. डिसेंबर १९६३ मध्ये ते बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. पण तोवर इली बँडमध्ये नव्हता. आता गाणार मी, असं ईस्टननं जाहीर केल्यावर तो ऑगस्टमध्येच बाहेर पडला होता. टीव्हीवर ईस्टन इलीच्या आवाजावर ओठ हलवत असे. नंतरच्या तडजोडीत तबकडीवर मुख्य गायक म्हणून इलीचं नाव छापलं गेलं.

शब्द कळत नव्हते, म्हणून पोरांनी आपापले शब्द भरले. चावट ओळींचे कागद शाळाशाळांतून फिरू लागले. १९६४ च्या सुरुवातीला इंडियानाचे गव्हर्नर मॅथ्यू वेल्श यांनी गाणं अश्लील ठरवून राज्यातल्या रेडिओ केंद्रांना ते न लावण्याची विनंती केली. एका पालकानं थेट अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिलं. एफबीआयच्या प्रयोगशाळेनं तबकडी वेगवेगळ्या गतींनी फिरवून पाहिली. दोन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या चौकशीतून शंभरावर पानांची फाइल झाली. निष्कर्ष एवढाच की कोणत्याही गतीला शब्द समजत नाहीत. ज्या इलीच्या तोंडून ते शब्द निघाले, त्याला कुणी विचारलंच नाही. शिवाय पहिल्या मिनिटाच्या शेवटाकडे मागून खरोखरच एक शिवी पुसट ऐकू येते. ड्रम वाजवताना काठीचा घोळ झाला आणि ईस्टनच्या तोंडून ती निसटली, असं सांगतात. तपास करणाऱ्यांच्या कानावरून तीच निसटली. एका खलाशाच्या घरच्या ओढीवर सरकारी यंत्रणेनं इतका वेळ घालवला, याचा खेद वाटतो.

नंतरच्या गळ्यांची यादी लांबलचक आहे. १९६४ मध्येच ओटिस रेडिंग, बीच बॉइज आणि लंडनच्या किंक्सनी ते गायलं. १९७८ मध्ये मोटरहेडनं त्याची तबकडी काढली, आणि १९८१ मध्ये ब्लॅक फ्लॅगनं शब्द बदलून त्यात आपला राग ओतला. त्याच वर्षी बॅरी व्हाइटनं ते आपल्या मखमली आवाजात गायलं. पण सर्वात समाधान देणारं कव्हर टूट्स अँड द मेटल्सचं. ते जमैकाचे. सत्तरच्या दशकात त्यांनी ते रेगेच्या अंगानं गायलं, आणि बेरीचा खलाशी एकदाचा घरी पोचला.

१९८३ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या केएफजेसी या कॉलेज रेडिओनं सलग ६३ तास फक्त ‘लुई लुई’ लावलं. आठशेहून अधिक आवृत्त्या, एकही दोनदा नाही. त्या वेळी बेरी स्वतः तिथे आला होता, आणि इलीही.

तेव्हा बेरी लॉस अँजेलिसमध्ये आईच्या घरी, सरकारी मदतीवर दिवस काढत होता. मग एका पेय कंपनीला जाहिरातीसाठी गाणं हवं झालं. त्यासाठी बेरीची सही लागणार होती. त्याला शोधायला आलेल्या वकिलानं सुचवलं की विकलेले हक्क परत मागता येतील. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं आणि पन्नाशीत बेरी लक्षाधीश झाला. १९९७ च्या जानेवारीत तो गेला. किंग्जमेननाही आपल्या ध्वनिमुद्रणाची मालकी परत मिळवायला कोर्टात लढावं लागलं. १९९८ मध्ये अपील न्यायालयानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला.

पुढच्या भागात ‘ट्विस्ट अँड शाउट’ : गीतकार बर्ट बर्न्सला ज्याचं पहिलं ध्वनिमुद्रण मुळीच आवडलं नाही, ते गाणं आधी आयझली ब्रदर्सपर्यंत आणि मग बीटल्सपर्यंत कसं गेलं?