मुष्टियुद्धाची वाटचाल (लेखांक सहावा) : जुना योद्धा श्रेष्ठ की नवा?

१९७० सालच्या जानेवारीत अमेरिकेतील अनेक चित्रपटगृहांत तिकिटे काढून बसलेल्या प्रेक्षकांना हेवीवेट मुष्टियुद्धाचा जो सामना दाखवण्यात आला, तो वास्तविक कधी झालेलाच नव्हता. मियामीच्या मरी वोरोनर नावाच्या निर्मात्याने रॉकी मार्सियानो आणि मुहम्मद अली या, तोपावेतो एकही व्यावसायिक लढत न हरलेल्या दोन अजिंक्यवीरांच्या गुणदोषांची आकडेवारी संगणकयंत्रात घातली होती. आणि यंत्राचा निष्कर्ष पडद्यावर दिसावा म्हणून १९६९ साली दोघांना समोरासमोर उभे करून त्यांच्याकडून एकेका मिनिटाच्या लुटुपुटीच्या कितीतरी फेऱ्या खेळवून घेतल्या होत्या. मार्सियानो तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा, निवृत्तीला तेरा वर्षे झालेला. वाढलेले वजन उतरवून आणि डोक्यावर केसांचा टोप चढवून तो आला होता. अली सत्तावीस वर्षांचा, सैन्यभरतीस नकार दिल्यामुळे अजिंक्यपद आणि लढण्याचा परवाना दोन्ही गमावून बसलेला. शेवट अनेक प्रकारे चित्रित केले होते, आणि त्यांतला कोणता खरा ठरला हे कळण्यापूर्वीच, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, मार्सियानो विमान-अपघातात मरण पावला. अमेरिकेत दाखवलेल्या चित्रपटात त्याने तेराव्या फेरीत अलीला बाद केले. युरोपातील प्रेक्षकांपुढे मात्र अली जिंकला.

इलाखा बदलताच जो निवाडा फिरतो, त्याला निवाडा म्हणता येत नाही हे उघड आहे; परंतु म्हणून मूळचा प्रश्नच निरर्थक ठरतो असे मात्र मला वाटत नाही. गेल्या शंभर वर्षांत हेवीवेट योद्ध्याचे शरीर, त्याला लागू असलेले नियम आणि त्याच्या वाट्याला येणारे प्रतिस्पर्धी या तिन्ही बाबतींत इतके फेरफार झाले आहेत, की त्यांचा हिशेब नीट मांडल्याशिवाय 'आमच्या वेळचे योद्धे' किंवा 'आजचे योद्धे' असा पक्ष घेणे म्हणजे दफ्तर न उघडताच फैसला देण्यासारखे होय.

आरंभ शरीरापासून करणे भाग आहे, कारण आजच्या पक्षाचा मुख्य दावा तोच. मार्सियानोची उंची सहा फुटांच्या आत, वजन सुमारे १८५ पौंड, आणि दोन्ही बाहू पसरले असता बोटांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे ६८ इंच. टायसन फ्युरी सहा फूट नऊ इंच उंच. त्याचा हा पल्ला ८५ इंचांचा, आणि डिसेंबर २०२४ मध्ये रियाध येथे तो तराजूवर उभा राहिला तेव्हा काटा २८१ पौंडांवर गेला. आज हेवीवेटच्या खालचा जो क्रूझरवेट नावाचा गट आहे त्याची मर्यादा २०० पौंडांची असल्यामुळे, जॅक डेम्पसी आणि मार्सियानो हे दोघेही आजच्या व्यवस्थेत त्या खालच्या गटातच जमा होतील. फार काय, १९३८ साली मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत बाद करणारा जो लुई हादेखील त्या दिवशी दोनशेच्या आतच होता.

यावर जुन्या पक्षाचे उत्तर तयार असते, आणि ते पोकळ नाही. ४ जुलै १९१९ रोजी ओहायोतील टोलीडो येथे डेम्पसी उभा राहिला तेव्हा त्याचे वजन १८७ पौंड, तर अजिंक्यवीर जेस विलर्डचे २४५. पहिल्या फेरीत विलर्ड सात वेळा जमिनीवर आला आणि चौथ्या फेरीसाठी कोपऱ्यातून उठलाच नाही. मात्र त्या लढतीचे चलच्चित्र बारकाईने पाहिले, तर आणखी एक गोष्ट ध्यानी येते. विलर्ड पडला की डेम्पसी दूर जात नाही. तो त्याच्या पाठीशी, हाताच्या अंतरावर घोटाळत राहतो, आणि त्या अजस्र माणसाचा गुडघा जमिनीवरून सुटतो न सुटतो तोच पुढचा ठोसा घालतो. हे तेव्हाच्या शिरस्त्याला धरूनच होते. पडलेल्या प्रतिस्पर्ध्यापासून दूर तटस्थ कोपऱ्यात जाण्याची सक्ती पुढे आली, आणि तिचा फटका १९२७ साली शिकागोत जीन टनीविरुद्ध खुद्द डेम्पसीलाच बसला. म्हणजे टोलीडोची साक्ष खरी असली, तरी आजच्या नियमांत ती जशीच्या तशी दाखल करून घेता येत नाही.

जो लुईची साक्ष अधिक भक्कम आहे. १९३५ साली सहा फुटांवर कितीतरी उंच आणि २६० पौंड वजनाच्या प्रीमो कार्नेराला त्याने सहाव्या फेरीत संपवले. पुढे एब सायमन आणि बडी बेअर या धिप्पाड पुरुषांचीही तीच गत केली. लुईचे पाय फार हलत नसत, परंतु इंच-दोन इंचांच्या सरकत्या पावलांनी तो प्रतिस्पर्ध्याला दोरखंडाकडे रेटत नेई, आणि कोपर बरगडीपासून फारसे दूर न नेता मारलेले त्याचे आखूड ठोसे एवढ्या थोड्या जागेत सुटत, की लांब हातांच्या माणसाला आपल्या हातांच्या लांबीचा उपयोगच करता येत नसे.

परंतु कार्नेरा म्हणजे लेनॉक्स लुइस नव्हे, की क्लिचको नव्हे. आणि इथे आजच्या पक्षाची बाजू बळकट होते. जुन्या काळातील महाकाय योद्धे बहुधा त्यांच्या आकाराकडे पाहून या धंद्यात ओढले गेलेले असत. व्लादिमीर क्लिचकोने मात्र १९९६ साली अटलांटा येथे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले, ते पूर्व युरोपातील हौशी मुष्टियुद्धाच्या कठोर शाळेत घडल्यानंतर. पुढे डेट्रॉइटचे शिक्षक इमॅन्युएल स्ट्यूअर्ड यांच्या देखरेखीखाली त्याने जी पद्धत पक्की केली, ती पाहावयास कंटाळवाणी असली तरी तिच्यापुढे भलेभले हतबल झाले : डावा हात सरळ सोडायचा, प्रतिस्पर्धी आत घुसलाच तर त्याला कवेत घेऊन आपल्या शरीराचा भार त्याच्या मानेवर टाकायचा, पंचाने सोडवले की पुन्हा डावा हात. अडीचशे पौंडांच्या आसपासचा हा भार फेरीमागून फेरी मानेवर वाहावा लागल्यावर १८५ पौंडांच्या मार्सियानोच्या पायांत दहाव्या फेरीला किती त्राण उरले असते, याचा विचार त्याच्या चाहत्यांनी प्रामाणिकपणे केला पाहिजे. मार्सियानोविषयी मला अपार आदर आहे, आणि तरीही आजच्या थोर महाकाय योद्ध्यांपुढे तो टिकला असता असे मला वाटत नाही.

मात्र रेषा नेमकी कोठे ओढायची, हे ओलेक्सांद्र उसिकने दाखवून दिले आहे. सहा फूट तीन इंच उंचीचा, क्रूझरवेट गटातून वर आलेला हा युक्रेनी योद्धा मे २०२४ मध्ये फ्युरीपुढे उभा राहिला तेव्हा त्याचे वजन फ्युरीपेक्षा सुमारे चाळीस पौंडांनी कमी होते. उसिक डावखुरा, आपले पुढचे पाऊल तो सतत फ्युरीच्या पुढच्या पावलाच्या बाहेरच्या अंगाला टाकत राहिला, त्यामुळे त्याचा डावा हात मोकळ्या वाटेने जाई आणि फ्युरीला दर वेळी वळून नव्याने अंतर मोजावे लागे. नवव्या फेरीत फ्युरी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे झोकांड्या खात गेला, आणि दोरखंडांनी सावरल्यामुळेच उभा राहिला. १९९९ नंतर प्रथमच हेवीवेटची सर्व मुख्य अजिंक्यपदे एका माणसाकडे आली, ती अशी. आणि डिसेंबरातील फेरलढतही उसिकनेच जिंकली. आता उसिकची उंची आणि बांधा म्हणजे जवळजवळ अलीचीच उंची आणि बांधा होय. ज्या आकाराचा उसिक फ्युरीला हरवतो, त्या आकाराचा, १९६० च्या दशकातील चपळ पायांचा अली आज आकारापायी मागे पडला असता, हा दावा यापुढे कोणी करू नये.

नियमांच्या बाबतीत एकच फेरफार इतका मोठा आहे, की बाकीचे बाजूस ठेवता येतील. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगास येथे दक्षिण कोरियाचा किम दुक-कू हा रे मॅन्सिनीविरुद्ध चौदा फेऱ्या लढून कोसळला आणि काही दिवसांत मरण पावला. त्यानंतर अजिंक्यपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. हा निर्णय मानवतेचा होता आणि तो योग्यच होता. परंतु तो मागच्या काळाला लावून पाहावा. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटने मार्सियानोला पहिल्याच फेरीत खाली पाडले होते, आणि बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही गुणपत्रकांवर वॉलकॉटच पुढे होता. तेराव्या फेरीत वॉलकॉट दोरखंडाला टेकला असता मार्सियानोचा आखूड उजवा ठोसा त्याच्या जबड्यावर बसला. वॉलकॉट गुडघ्यांवर घसरला, त्याचा डावा हात मधल्या दोरात अडकून क्षणभर तसाच लोंबत राहिला, आणि मग तो पुढे कलंडला. आजच्या नियमांत ही फेरी झालीच नसती, मार्सियानोला त्या रात्री अजिंक्यपद मिळाले नसते, आणि ४९ लढतींत ४९ विजय हा त्याचा विख्यात आलेखही अस्तित्वात नसता. जून १९४१ मध्ये लुईची तीच कथा : सुमारे पंचवीस पौंडांनी हलका बिली कॉन बारा फेऱ्यांअखेर त्याच्या पुढे होता, आणि तेराव्या फेरीचे दोन सेकंद उरले असताना लुईने त्याला बाद केले. शेवटच्या नऊ मिनिटांसाठी दम राखून ठेवणे ही जुन्या योद्ध्याची एक स्वतंत्र विद्याच होती, आणि आजच्या योद्ध्याला ती शिकण्याचे कारणच उरलेले नाही.

राहिला प्रतिस्पर्ध्यांचा मुद्दा. लुईने १९४१ या एका सालात सात वेळा अजिंक्यपद पणाला लावले. आजचा अजिंक्यवीर वर्षाकाठी एकदा किंवा दोनदा लढतो, आणि व्यावसायिक लढतींतून येणारी ती जुनी मुरब्बी समज त्याला हौशी लढतींतून आधीच कमवावी लागते. पण जुन्या काळाचे मैदान सर्वांना खुले होते असेही नाही. डेम्पसीने अजिंक्यवीर असताना हॅरी विल्स या कृष्णवर्णीय योद्ध्याशी लढत कधीच केली नाही, आणि असे अन्याय त्या काळी अपवाद नव्हते. अलीच्या सुवर्णकाळातही निम्मे जग बाहेरच होते : क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हन्सनने १९७२, १९७६ आणि १९८० अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली, परंतु व्यावसायिक रिंगणात तो कधी उतरला नाही, सोव्हिएत योद्ध्यांनाही ती वाट बंद होती. जी शाळा पुढे क्लिचको आणि उसिक यांना घडवणार होती, तिच्याशी फ्रेझर, फोरमन किंवा नॉर्टन यांची गाठ या रिंगणात पडलीच नाही.

शेवटी, दोन काळांचा पूल ज्यांनी स्वतःच्या पायांनी ओलांडला अशा थोड्या माणसांची जबानी घ्यावी लागते, आणि ती एकमुखी नाही. लॅरी होम्स जानेवारी १९८८ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, माइक टायसनपुढे चौथ्या फेरीत बाद झाला, तेव्हा जुना काळ संपला असे म्हटले गेले. परंतु तोच होम्स १९९२ साली बेचाळिसाव्या वर्षी, १९८८ च्या ऑलिंपिक विजेत्या आणि तोवर अपराजित असलेल्या रे मर्सरला बारा फेऱ्यांत गुणांवर हरवून गेला. जॉर्ज फोरमन याची साक्ष तर जगजाहीर आहे : ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी, २५० पौंडांच्या शरीराने, वीस वर्षांपूर्वी किन्शासात अलीकडून हरताना घातलेलीच लाल चड्डी घालून, नऊ फेऱ्या मायकेल मूररचे ठोसे सोसून तो उभा राहिला आणि दहाव्या फेरीत एका आखूड उजव्या ठोशाने अजिंक्यपद परत घेऊन गेला. मूरर गुणांवर स्पष्ट पुढे होता. १९९१ साली होलीफील्डने आणि १९९३ साली टॉमी मॉरिसनने याच फोरमनला हरवले होते, हेही नोंदले पाहिजे. एका रात्रीवरून एक दशक दुसऱ्यापेक्षा थोर ठरत नाही. फ्रेझरने अलीला हरवले, फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले, आणि अलीने फोरमनला बाद केले. एकाच काळातील तीन माणसांचा क्रम जर सरळ रेषेत लागत नाही, तर कोण कोणाला हरवील हे दोघांची शैली कशी जुळते यावर किती अवलंबून असते ते दिसतेच. या सर्व पुराव्यानंतर माझा निर्णय असा, की दोनशे पौंडांच्या आतले जुने योद्धे आजच्या शिक्षित महाकायांपुढे बहुधा हरतील, एकट्या लुईविषयी मी असे छातीठोकपणे म्हणणार नाही. आणि अली, होम्स, तरुण फोरमन हे तिघे मात्र आजच्या कोणाही अजिंक्यवीरापुढे, बारा फेऱ्या असोत की पंधरा, बरोबरीच्या हक्काने उभे राहतील.