माहिती द्या, किल्ली नको!

कर्ज काढायचे म्हटले की घरात झेरॉक्सचा ढीग जमतो. बँकेचे स्टेटमेंट, ठेवींच्या पावत्या, विम्याची कागदपत्रे. एकदा हातातून गेलेले हे कागद पुढे कोण वाचतो, कुठे पडून राहतात, याचा पत्ता लागत नाही. कुणी नेट बँकिंगचा पासवर्डच मागितला, तर तिजोरीची किल्ली हवाली करण्यासारखेच!

यावर तोडगा म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ या मध्यस्थ कंपन्यांसाठी नियम केले. सप्टेंबर २०२१ पासून ही व्यवस्था बँकांमध्ये प्रत्यक्ष सुरू झाली. मध्यस्थाचे काम पोस्टमनचे. कर्ज देणारी संस्था माहिती मागते. मध्यस्थ खातेदाराला विचारतो. त्याने होकार दिला, तरच बँकेकडून माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद होऊन निघते. मध्यस्थाला हा लिफाफा उघडता येत नाही, स्वतःजवळ ठेवताही येत नाही. खातेदाराचा पासवर्ड मागण्याची तर त्याला मुळीच मुभा नाही.

मात्र होकाराचे बटण दाबण्यापूर्वी चार गोष्टी नीट वाचायला हव्यात: माहिती कोण मागतो आहे, कोणती, कशासाठी आणि किती काळासाठी? दिलेली संमती नंतर मागे घेता येते. पण तोपर्यंत पोहोचलेली माहिती काही परत येत नाही. म्हणूनच घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मोबाइलवर घाईघाईने दुसऱ्यानेच होकार देऊन टाकू नये. खाते ज्याचे, निर्णयही त्याचाच असावा.