मटणानंतरची जिलबी

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये माझे बालपण गेले. आमच्या भिंतीपलीकडे रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचे बिऱ्हाड होते. त्यांच्या पत्नी माझ्या आईशी अलिबागकडच्या मराठीत बोलत आणि आम्ही मुले त्यांना मावशी म्हणत असू. हे कुटुंब बेने इस्रायल, म्हणजे कोकणातील मराठीभाषक यहुदी, हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्याआधी कळली ती त्यांच्या जेवणातील एक मर्यादा. एकदा आमच्याकडे मटणाचे जेवण झाल्यावर वडिलांनी कौतुकाने खव्याची जिलबी पुढे केली. जबलपूरकर ज्या पदार्थाचा अभिमान बाळगतो, तो मावशींनी हात जोडून नाकारला. ‘‘भाऊजी, उद्या सकाळी खाईन,’’ त्या म्हणाल्या. वडील जरा दुखावले.

करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, अशी तोरातील आज्ञा आहे. तिच्यावरून मांस आणि दूध एका जेवणात येऊ नयेत, असा दंडक निघाला. जगभरच्या यहुदी स्वयंपाकाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या एका अडचणीवर शोधलेल्या उत्तरांचा इतिहास आहे. पोलंडमध्ये लोणी मांसासोबत चालेना आणि ऑलिव्हचे तेल मिळेना, तेव्हा गृहिणींनी हंसाची चरबी कढवली. भूमध्य समुद्राकाठी ऑलिव्ह होतेच. कोकणात उत्तर परसात उभे होते. नारळाचे दूध नावाने दूध असले तरी धर्मशास्त्राच्या दृष्टीने ते फळाचा रस ठरते. त्यामुळे ते मटणाच्या रश्शात पडले आणि त्याच जेवणाच्या शेवटी येणाऱ्या गोडातही. नववर्षाला बेने इस्रायली घरांत गव्हाच्या चिकाचा हलवा होतो, तोही नारळाच्या दुधात. शेजारच्या आगऱ्याच्या घरातली सामग्री आणि मूसाचा कायदा यांची सांगड इतकी सहज बसली, की त्यात तडजोड कुठे झाली हे शोधूनही सापडत नाही.

या समाजाची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. ग्रंथ बुडाले, हिब्रू विसरली गेली. पुढे दावीद रहाबी नावाचा यहुदी आला, त्याने स्त्रियांपुढे नाना प्रकारचे मासे ठेवले आणि त्यांनी खवले व पर असलेले तेवढेच वेचून शिजवायला घेतले. तेव्हा त्याची खात्री पटली, अशी कथा आहे. तिचा काळ नेमका कोणता यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. मला तिच्यातील कसोटी महत्त्वाची वाटते. ज्या किनाऱ्यावर कोळंबी, कुर्ल्या आणि तिसऱ्या हीच चैन, तिथे पिढ्यान् पिढ्या त्यांना हात न लावणे ही सोपी गोष्ट नव्हे.

सणांची जुनी नावेही स्वयंपाकघरातूनच आली. अव महिन्याच्या नवमीचा उपास वालाच्या बिरड्याने सुटे, म्हणून तो ‘बिरड्याचा रोजा’. नववर्षानंतर लगेच येणारा ‘खिरीचा सण’. एलियाहू पैगंबराच्या नावाने होणाऱ्या मलिद्यात पोहे, खोबरे, साखर, वेलची आणि फळे. पोहे जबलपुरात दर सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, त्यामुळे मावशींचा मलिदा कधी अडला नाही. अडचण नारळाची होती. देवळाबाहेर मिळणारा नारळ जुना आणि कोरडा. मुंबईहून कुणी नातलग आला तरच त्याच्या ट्रंकेतून चार चांगले नारळ निघत. एरवी मावशी खसखस आणि शेंगदाणे वाटून रस्सा दाट करीत. मासा नर्मदेचा, पण रोहूच. बिनखवल्याचे मासे कितीही ताजे असले तरी त्यांच्या दारातून परत जात.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की या समाजाला स्वतःची ओळख वारंवार सिद्ध करावी लागली आहे. हजारो बेने इस्रायली इस्रायलला गेले. तिथे १९६२ मध्ये मुख्य रब्बी मंडळाने, त्यांच्या विवाहापूर्वी वंशाची चौकशी व्हावी, असा आदेश काढला. निदर्शने झाली, धरणे धरले गेले. १९६४ मध्ये संसदेला ते सर्वार्थाने यहुदीच असल्याचे जाहीर करावे लागले. ज्यांच्या आज्यांनी कायद्याचे पुस्तक हाती नसतानाही कायदा पाळला, त्यांच्याकडे वंशावळ मागितली गेली, हे मला अजूनही अन्यायाचे वाटते. भारतात असा अपमान त्यांच्या वाट्याला आला नाही. दुर्लक्ष मात्र आले. केंद्राने अधिसूचित केलेल्या सहा अल्पसंख्याक समुदायांत यहुदी नाहीत. महाराष्ट्राने २०१६ मध्ये त्यांना हा दर्जा दिला, पुढे गुजरातनेही दिला. परंतु केंद्राच्या यादीत नाव नसल्याने तो त्या त्या राज्याच्या हद्दीपुरताच राहतो. संख्या इतकी थोडी, की निवडणुकीच्या गणितात ती दिसतच नाही.

मावशींचे कुटुंबही अखेर दिमोनाला गेले. तिथे मराठी बोलणारी पुष्कळ घरे आहेत, मलिदाही होतो. काही वर्षांनी आईला त्यांचे पत्र आले. नारळाचे दूध आता डब्यात मिळते, असे त्यांनी लिहिले होते. त्यात केलेला रस्सा मुलांनी ताटात तसाच ठेवला. मुलांना जबलपूरचाच हवा होता. खसखस तिथे भरपूर, कारण पुरिमच्या मिठाईत ती लागते. शेंगदाणे भाजून घ्यायचे की कच्चेच वाटायचे, याचा मात्र त्यांना आता विसर पडला होता, आणि तेवढे आईने उलटटपाली कळवावे, अशी विनंती होती.